स्कोअरची वही, कानात रेडिओ, पायात बूट : उन्हाळ्यात बॉस्टनला राहायला येणाऱ्यांसाठी बेसबॉल

आई-बाबा पहिल्यांदा आमच्याकडे बॉस्टनला सहा महिने राहायला आले, तेव्हा तिसऱ्या आठवड्यातच बाबांचा चेहरा उतरला होता. आम्ही दोघं कामावर, नातू शाळेत, शेजारी ओळखीचं कुणी नाही. मालिका त्यांना कधीच आवडल्या नाहीत. सांगलीला रेडिओवर कसोटी सामना लागला की चौकटीच्या वहीत चेंडू न् चेंडू टिपणारा हा माणूस. एका संध्याकाळी मी स्वयंपाक करताना रेडिओ लावला. बॉस्टनच्या रेड सॉक्स या बेसबॉल संघाची मॅच चालू होती. पाच मिनिटांत बाबा पेन्सिल शोधत ओट्यापाशी आले आणि म्हणाले, "यात स्कोअर कसा लिहितात गं?"

मला येत नव्हतं. मग आम्ही बापलेक मिळून शिकलो, आणि त्या एका वहीतून बाबांचं फिरणं, वाचन आणि पेटी अशा सगळ्याच गोष्टी इथल्या दिवसात बसल्या. एप्रिल ते सप्टेंबर मुलांकडे येणारे असे कितीतरी आईवडील मी बघते. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलांसाठी हे लिहिते आहे.

बेसबॉल रोज असतो, ही त्याची सगळ्यात मोठी गंमत. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत एक संघ १६२ सामने खेळतो, म्हणजे आठवड्याला साधारण सहा. त्यातले ८१ घरच्या मैदानावर. काल हरले तर आज परत आहेतच. त्यामुळे त्यासाठी वेगळा वेळ काढायचा नाही, जे रोज करता त्याच्याच शेजारी त्याला बसवायचं.

आधी वही

गणिताची चौकटीची वही घ्या, लांबट असेल तर उत्तम. सोबत पेन्सिल आणि खोडरबर. पेन नको, कारण निर्णय बदलतात. वही आडवी धरा. डावं पान पाहुण्या संघाचं, उजवं घरच्या संघाचं. पाहुणे नेहमी आधी बॅटिंग करतात. प्रत्येक पानावर वरून खाली नऊ ओळी नऊ बॅटरच्या, आणि प्रत्येक ओळीखाली बदली खेळाडूसाठी एक रिकामी ओळ सोडा. डावीकडून उजवीकडे रकाने इनिंगचे, म्हणजे दोन्ही संघांच्या एकेका पाळीचे : नऊ, आणि बरोबरी झाली तर म्हणून आणखी दोन. प्रत्येक घर चार बाय चार चौकटींचं करा, म्हणजे आत बर्फीसारखा एक चौकोन काढता येतो. हा चौकोन म्हणजे मैदान. त्याची टोकं म्हणजे धावताना गाठायचे थांबे : खालचं टोक होम प्लेट, जिथे बॅटर उभा राहतो, उजवं पहिला बेस, वरचं दुसरा, डावं तिसरा.

आता क्षेत्ररक्षकांचे आकडे. हे खेळाडूच्या शर्टावरचे नंबर नाहीत, जागांचे आहेत. चेंडू टाकणारा पिचर १, बॅटरच्या मागे बसून तो झेलणारा कॅचर २, पहिल्या बेसवरचा ३, दुसऱ्यावरचा ४, तिसऱ्यावरचा ५, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये उभा असतो तो शॉर्टस्टॉप ६. बाहेरचे तिघं बॅटरच्या डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. बाबांनी हे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवले होते. चौथ्या दिवशी कागद काढून टाकला.

नियम सुरुवातीला एवढेच पुरतात : एका पाळीत तीन बाद. बॅटर हुकला किंवा मारण्याजोगा चेंडू त्याने सोडला की स्ट्राइक, आवाक्याबाहेरचा सोडला की बॉल. तीन स्ट्राइक म्हणजे बॅटर बाद, चार बॉल म्हणजे त्याला फुकटात पहिला बेस. चारही बाजू फिरून होम प्लेटला परत आला की एक धाव. पिचर स्वतः बॅटिंग करत नाही, त्याच्या जागी नेमलेला बॅटर येतो. बाकीचं ऐकता ऐकता कळतं.

एक पाळी लिहून बघू

समजा घरच्या संघाची पहिली इनिंग आहे.

पहिल्या बॅटरने चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे मारला, त्याने उचलून पहिल्या बेसला फेकला, बॅटर पोचायच्या आत चेंडू पोचला. लिहा ६-३. शेजारी एक आकडा आणि त्याला गोल, म्हणजे पहिला बाद.

दुसऱ्याला चार बॉल मिळाले. इथले लोक बीबी लिहितात. बाबा पहिल्या दिवसापासून 'चा' लिहितात, चार बॉलचा चा. वही तुमची आहे, खूण तुम्हाला ओळखू आली म्हणजे झालं. चौकोनाची खालून उजवीकडे जाणारी बाजू गडद करा : माणूस पहिल्या बेसवर.

तिसऱ्याने उजवीकडे फटका मारला आणि पहिला बेस गाठला. त्याच्या घरात '१बी' आणि एक बाजू गडद. आता वरच्या घरात परत जा. चार बॉलवर गेलेला माणूस या फटक्यावर तिसऱ्या बेसपर्यंत धावला, म्हणून त्याच्या चौकोनाच्या आणखी दोन बाजू गडद. नवशिके चुकतात ते इथेच. समोरचा बॅटर लिहितात आणि आधीच्याला विसरतात. प्रत्येक फटक्यानंतर नजर वरच्या घरांवरून फिरवायची सवय लावा.

चौथ्याने चेंडू उंच उडवला, मधल्या क्षेत्ररक्षकाने झेलला. एफ ८, दुसरा बाद. पण झेल झाल्यावर तिसऱ्या बेसवरचा माणूस धावत होमला आला. त्याचा चौकोन पूर्ण झाला, तो आतून भरून टाका. एक धाव. बाबा हे भरण्याचं काम फार सावकाश करतात, पेन्सिल आडवी धरून, एकही पांढरा ठिपका न ठेवता.

पाचवा तीन स्ट्राइकवर बाद. बॅट फिरवून हुकला असता तर के. पण हा तिसरा चेंडू नुसता बघत उभा राहिला, म्हणून इंग्रजी के उलटा, आरशातल्यासारखा. तिसरा बाद. घराच्या कोपऱ्यात तिरकी रेघ मारा, पाळी संपली.

रकान्याखाली लिहा : धावा १, फटके १, चुका ०, बेसवर अडकलेले १. आणि आता ताळा करा. आलेले बॅटर पाच. धावा एक, बाद तीन, अडकलेला एक, बेरीज पाच. जुळली! नऊ इनिंगमध्ये संपलेल्या सामन्याचाही ताळा असाच जुळतो, आणि नाही जुळला तर कुठल्यातरी घरात चूक आहे. मी तर म्हणेन की पहिला आठवडा फक्त घरच्या संघाचंच पान भरा. दोन्ही पानं एकदम घेतली की माणूस तिसऱ्या इनिंगला वही मिटतो.

पुढे लागतील त्या खुणा : क्षेत्ररक्षकाची चूक ई आणि त्याचा आकडा, बेस चोरला तर एसबी, होमरन एचआर. आणि सगळ्यात देखणी नोंद, ६-४-३ : शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या बेसला, तिथून पहिल्याला, एका चेंडूत दोन बाद.

ही पद्धत रुजवण्यात हेन्री चॅडविक या माणसाचा मोठा वाटा. जन्म १८२४ चा, इंग्लंडमधला, आणि न्यूयॉर्कला वार्ताहर म्हणून तो आधी क्रिकेट लिहायचा. तीन स्ट्राइकच्या बादला के हे अक्षर त्यानेच दिलं, 'स्ट्रक' या शब्दातलं शेवटचं, कारण पहिलं अक्षर एस दुसऱ्या कामाला लागलं होतं. क्रिकेटच्या वहीवरून बेसबॉलच्या वहीवर येणारे आपण पहिले नाही, हे ऐकून बाबांना फार बरं वाटलं होतं.

चालताना ऐकायचं

बेसबॉल रेडिओवर फार छान कळतो. दोन चेंडूंच्या मधल्या वेळात सांगणारा माणूस ऊन, वारा, पिचरची सवय, गेल्या आठवड्यातली हकिकत असं सगळं सांगत राहतो. बॉस्टनला ९३.७ एफएमवर रेड सॉक्सचे सामने लागतात. जो कॅस्टिग्लिओन यांनी १९८३ पासून २०२४ पर्यंत ते सांगितले, बेचाळीस वर्षं एकच घरचा आवाज.

संध्याकाळचे सामने बहुतेक सातच्या आसपास सुरू होतात. २०२३ पासून पिचरला चेंडू टाकायला घड्याळ लावलं आहे, त्यामुळे सामना सरासरी दोन तास चाळीस मिनिटांत आटोपतो. एक पाळी साधारण नऊ मिनिटं. म्हणजे तीन इनिंग ऐकत चाललात तर पाऊण ते एक तास फिरणं झालं, चार-साडेचार किलोमीटर. आमचा नेम असा : पहिल्या तीन इनिंग चालत, मधल्या तीन जेवताना, शेवटच्या तीन वही घेऊन खुर्चीत. जूनमध्ये सव्वाआठपर्यंत उजेड असतो, काळजी नसते. एप्रिलमध्ये मात्र सहालाच बोचरा वारा सुटतो, कानटोपी घ्या.

इअरफोन एकाच कानात घाला. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि सायकली आवाज न करता अंगाजवळून जातात. रस्ता ओलांडताना तोही कान मोकळा करा, चेंडू चुकला तर चुकू दे.

चालताना लिहिता येत नाही, त्यावर बाबांनी उपाय काढला तो मला अजून अप्रूप वाटतो. जप करताना अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवतो ना, तसं. एका बोटाला तीन पेरं, तीन बोटांची नऊ. नऊ बॅटर. डाव्या हाताचा अंगठा ज्या पेरावर तो बॅटर चालू. बाद मोजायला उजवा हात. पाळी संपली की मिळेल त्या बाकावर बसून दोन मिनिटांच्या विश्रांतीत छोट्या वहीत उतरवायचं. बेसबॉलच्या चेंडूला लाल दोऱ्याचे दुहेरी टाके असतात, तेही जपमाळेच्या मण्यांसारखे बरोबर १०८.

कानाला दोन गोष्टींची सवय करून घ्या. 'टू अँड वन' म्हणजे दोन बॉल, एक स्ट्राइक, आधी नेहमी बॉल. 'फुल काउंट' म्हणजे तीन बॉल, दोन स्ट्राइक, पुढच्या चेंडूवर बहुतेक काहीतरी होणार. तेव्हा बाबा चालता चालता थांबतात.

सकाळचं वाचन

पहिली पायरी पुस्तक नाही, कालच्या सामन्याचा बॉक्स स्कोअर, म्हणजे खेळाडूंच्या आकड्यांचा तक्ता. सकाळी चहाबरोबर तो घ्या आणि शेजारी तुमची वही ठेवा. एबी म्हणजे किती वेळा बॅटिंगला आला, आर धावा, एच फटके, आरबीआय म्हणजे त्याच्या बॅटिंगवर किती जण घरी आले. तुमचे आकडे छापील आकड्यांशी जुळले की जो आनंद होतो तो अनुभवूनच बघा. एबीमध्ये चार बॉलची पाळी धरत नाहीत, पहिल्या दिवशी फरक येतो तो त्यामुळे.

मग लायब्ररी. मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्यांना बॉस्टन पब्लिक लायब्ररीचं कार्ड फुकट मिळतं. मुलांनी आपलं काढून ठेवावं. शेल्फवर ७९६.३५७ हा क्रमांक शोधा, तो बेसबॉल. त्याच्या लगेच पुढे ७९६.३५८, तो क्रिकेट. तिथे जाऊन उभे राहिलात की दोन्हींपैकी एक हाती लागतंच.

इंग्रजी वाचनाची सवय मोडली असेल तर मुलांच्या विभागापासून सुरुवात करा आणि नातवाला सोबत घ्या. तिथली चित्रांची पुस्तकं नियम जितके स्वच्छ सांगतात तितके मोठ्यांची सांगत नाहीत. त्यानंतर छोटे निबंध आणि आठवणी, एका बैठकीत एक. जाडजूड इतिहास तिसऱ्या महिन्यात. आकडेशास्त्राची पुस्तकं कितीही गाजलेली असली तरी पहिल्या उन्हाळ्यात घेऊ नका. आधी डोळ्यांसमोर सामने साठू देत, मग टक्केवारीला अर्थ येतो.

कॉप्ली चौकातली लायब्ररीची १८९५ ची इमारत बघायला जालच. तिच्या संग्रहात शंभर वर्षांपूर्वीच्या बेसबॉलचे अप्रतिम फोटो आहेत. मायकेल मॅकग्रीव्ही नावाच्या दारूच्या दुकानाच्या मालकाने ते जमवले आणि लायब्ररीला देऊन टाकले. त्याच्या दुकानाचं नाव 'थर्ड बेस', कारण घरी पोचायच्या आधीचा शेवटचा थांबा. ते फोटो संगणकावरही पाहता येतात, आणि टोप्या घालून कुंपणाला चिकटलेली ती गर्दी बघताना एक दुपार कशी जाते कळत नाही.

ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांच्यासाठी

बेसबॉलच्या मैदानात ऑर्गन वाजतो. १९४१ साली शिकागोच्या रिग्ली फील्डवर पहिल्यांदा बसवला, मग बाकीच्यांनीही घेतला. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये जॉन कायली यांनी १९५३ ते १९८९ वाजवला, आणि २००३ पासून जॉश कँटर वाजवतात. ते लोकांच्या फर्माइशीही घेतात. रेडिओवर विश्रांतीच्या आधी आणि नंतर, गर्दीच्या मागे, तो ऐकू येतो. वहीच्या समासात लिहून ठेवा कुठल्या इनिंगला काय वाजलं.

सुरुवातीला एकच तुकडा बसवा. गर्दीला चेतवायला वाजवतात तो, सहा सुरांचा : मंद्र पंचम, मग सा, ग, प, थोडं थांबून ग, आणि परत प वर ठाशीव मुक्काम. पहिले तीन सूर पटापट, चौथा जरा लांब. आईने पेटीवर तो पहिल्याच प्रयत्नात काढला आणि नातवाने सोफ्यावर उभं राहून आरोळी ठोकली. सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळे उभे राहून जे गाणं म्हणतात, 'टेक मी आउट टू द बॉल गेम', ते १९०८ सालचं आहे. ते वॉल्ट्झ आहे, तीन-तीनच्या वजनात, त्यामुळे दादऱ्यावर सहज बसतं. तबलावाला घरात असेल तर हे नक्की करून बघा.

बॉस्टनचं स्वतःचं जुनं गाणं वेगळं : 'टेसी'. १९०३ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेत, बॉस्टनचा संघ पिट्सबर्गविरुद्ध १-३ असा मागे होता. मॅकग्रीव्ही आणि त्याची मंडळी, रॉयल रूटर्स म्हणायचे त्यांना, हे नाटकातलं गाणं शब्द बदलून समोरच्या खेळाडूंना चिडवत अखंड म्हणत राहिले. बॉस्टनने ओळीने चार सामने जिंकले आणि मालिका ५-३ ने घेतली.

एक सकाळ, तीन मैदानं

'टेसी' ऐकलंत की ही फेरी करा. साधारण चार किलोमीटर, सपाट, बसायला भरपूर जागा. मे महिना किंवा सप्टेंबर निवडा.

ग्रीन लाइन या शहरी रेल्वेच्या ई गाडीने नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीच्या थांब्यावर उतरा. १९०३ च्या त्या मालिकेतले बॉस्टनचे घरचे सामने जिथे झाले ते हंटिंग्टन अॅव्हेन्यूचं मैदान आता विद्यापीठाच्या इमारतींखाली आहे. आत सावलीत साय यंग या पिचरचा पुतळा उभा आहे, १९९३ साली बसवलेला. पुढे वाकून कॅचरकडे रोखून बघणारा. तो उभा आहे ती साधारण पिचरचीच जागा, आणि ६० फूट ६ इंचांवर जमिनीत होम प्लेटच्या आकाराची खूण आहे. हे अंतर पावलांनी मोजा. बाबांनी मोजलं आणि म्हणाले, "आपल्या बावीस यार्डांपेक्षा कमीच की!" खरंच पाच-सहा फूट कमी आहे.

तिथून म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स या कलासंग्रहालयावरून बॅक बे फेन्सच्या बागेत शिरा. पाण्याच्या कडेने चाला. गुलाबांची बाग जूनमध्ये भरलेली असते. पुढे १९४२ पासूनचे भाजीपाल्याचे वाफे लागतात. लोकांनी लावलेले टोमॅटो आणि वेलावरच्या शेंगा बघत आई तिथे अर्धा तास रमते, तेवढा वेळ हिशेबात धरा.

बागेतून बाहेर पडलात की फेनवे पार्क. २० एप्रिल १९१२ ला इथे पहिला अधिकृत सामना झाला. जर्सी स्ट्रीटने एक चक्कर मारा, मग मागच्या लॅन्सडाउन स्ट्रीटवर जा. तिथे हिरव्या भिंतीची पाठ दिसते. ही भिंत ३७ फूट उंच, आणि तिच्या पोटात बसून माणसं अजूनही स्कोअरबोर्डवरचे आकडे हाताने लावतात. सामना नसलेल्या दिवशी मैदान आतून दाखवणारी फेरीही असते.

केनमोर चौकातून कॉमनवेल्थ अॅव्हेन्यूने पश्चिमेला चालत राहा. बॉस्टन युनिव्हर्सिटीचं निकर्सन फील्ड लागेल. हे जुनं ब्रेव्ह्ज फील्ड. बॉस्टनचा दुसरा संघ इथे खेळायचा, तो १९५३ साली मिलवॉकीला निघून गेला. उजव्या बाजूच्या प्रेक्षागृहाचा भाग आणि तिकीटघराची इमारत अजून उभी आहे. १ मे १९२० ला इथे २६ इनिंगचा सामना झाला. ब्रुकलिनचा लिऑन कडोर आणि बॉस्टनचा जो ओश्गर, दोघांनीही सगळ्या २६ इनिंग एकट्याने पिचिंग केलं. तीन तास पन्नास मिनिटं, १-१, अंधार पडला म्हणून बरोबरीत सुटला. बाकावर बसा आणि वहीत २६ रकाने आखून बघा, पान पुरत नाही. परतायला तिथूनच ग्रीन लाइनची बी गाडी मिळते.

प्रत्यक्ष सामन्याला

उन्हाळ्यात एकदा तरी जाच. आठवड्यातल्या मधल्या वाराला, एप्रिल-मेमध्ये तिकिटं तुलनेने स्वस्त असतात. छपराखालच्या जागा सावलीच्या, पण काही खांबांमागे येतात. तिकिटावर तसं लिहिलेलं असतं, नीट वाचून घ्या. पिशवीचे नियम कडक आहेत, त्या दिवसाचे बघून निघा. शाकाहारी माणसाला सालासकट भाजलेल्या शेंगा मिळतात, आणि फोलं पायाखाली टाकायला कुणी हटकत नाही. वही न्या. शेजारचा कुणीतरी डोकावून विचारतो, गप्पा सुरू होतात.

परत गेल्यावर

ऑक्टोबरात आई-बाबा परत जातात आणि पुढच्या मार्चअखेरीस हंगाम पुन्हा सुरू होतो. तेव्हा बॉस्टन आणि महाराष्ट्र यांच्यात साडेनऊ तासांचा फरक असतो, तो हंगामभर बदलत नाही. इथला संध्याकाळी ७.१० चा सामना सांगलीत पहाटे ४.४० ला लागतो आणि साडेसातच्या आत संपतो. एमएलबीच्या, म्हणजे मेजर लीग बेसबॉलच्या, ॲपवर वर्गणी भरून रेडिओचं प्रक्षेपण ऐकता येतं. बाबा पाच वाजता उठून ऐकायला लागतात, सहाला फिरायला निघतात, म्हणजे पाचवी-सहावी इनिंग नदीकाठी. कॅलिफोर्नियातले सामने आणखी सोयीचे, बहुतेक सात-पावणेआठच्या सुमारास सुरू होतात, आंघोळ-चहा उरकून वही घेऊन बसावं.

शेवटची इनिंग झाली की बाबांचा फोन येतो. माझी रात्र, त्यांची सकाळ. दोघांच्या वह्या ताडून बघतो. बहुतेक वेळा एखाद्याच घरावरून वाद होतो : शॉर्टस्टॉपच्या हातातून चेंडू सुटला, मी ई ६ लिहिलंय, त्यांनी १बी. असा वाद तुमच्या घरी झाला तर अधिकृत स्कोअररचा निर्णय बॉक्स स्कोअरमध्ये बघा. पण लगेच खोडू नका, हा निर्णय नंतरही बदलतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा बघून मगच खोडरबर उचला.